पावित्र्य, उपयोग आणि स्मृती : घोडबंदरच्या चर्चवास्तूच्या निमित्ताने एक समीक्षा

प्रास्ताविक

ठाणे शहराच्या ज्या रस्त्याभोवती गेल्या तीन दशकांत उंच इमारतींचे नवे नगर उभे राहिले, त्या रस्त्याला घोडबंदर या गावाने आपले नाव दिले आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला हे गाव वसले असून तेथील टेकडीवर पोर्तुगीजकालीन किल्ला आहे. या किल्ल्याचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक सर्व लेखनात एक विधान हमखास आढळते. पोर्तुगीजांनी किल्ल्यात बांधलेले चर्च अजूनही उभे असून त्याचा वापर हॉटेल म्हणून केला जातो, असे ते विधान. पर्यटन-पुस्तिका, स्थलदर्शनपर लेख, विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांमधून ते फारसा बदल न होता फिरत राहिले आहे.

प्रस्तुत लेखात या विधानाची व त्यामागील दृष्टीची समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. एखादे चर्च हॉटेल होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न वास्तुशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचा, कायद्याचा आणि समूहाच्या स्मृतीचा आहे. मात्र आपल्याकडील लेखनात तो प्रश्न म्हणून उपस्थितच होत नाही. चर्चचे हॉटेल झाले ही बाब एक गमतीदार माहिती म्हणून सांगितली जाते आणि लेखक पुढच्या बुरुजाकडे वळतो. ते चर्च कोणत्या संताच्या नावाचे होते, तेथे कोण प्रार्थना करीत असे, शेवटची प्रार्थना केव्हा झाली, वेदी कोठे गेली, यांपैकी एकही प्रश्न त्या लेखकाला पडलेला दिसत नाही. मंदिर किंवा मशीद यांच्याविषयी इतके निश्चिंत वाक्य मराठीत कोणी लिहिले असते काय, असा प्रतिप्रश्न येथे करता येईल.

पुराव्याची मांडणी

घोडबंदरविषयीचा एक महत्त्वाचा जुना उल्लेख जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या प्रवासवृत्तात मिळतो. फ्रायरने १६७५ मध्ये साष्टीतून प्रवास केला. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याने जे स्थळनाम नोंदविले आहे ते अर्थातच अपभ्रष्ट आहे. ते घोडबंदरचेच असल्याचे ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरकारांनी मानले आहे. तेथे एका अतिशय धनवान पोर्तुगीज जमीनदाराचे वास्तव्य असून टेकडीच्या माथ्यावर त्याचे घर, तटबंदी आणि चर्च असल्याचे फ्रायर सांगतो.

या नोंदीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले गेलेले नाही. घर, गढी आणि चर्च या तीन गोष्टी येथे एकत्र येतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना दिल्यानंतर तेथील गावे पोर्तुगीज सरदारांना पट्ट्याने देण्याची पद्धत रूढ झाली. हे जमीनदार आपल्या वाड्यालगत प्रार्थनागृह बांधीत. म्हणजेच घोडबंदरची वास्तू वसईच्या कोटातील कॅथेड्रलसारखी सार्वजनिक संस्था नसून ती एका जहागिरीचा भाग असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. तसे असेल तर निवास आणि उपासना या दोन गोष्टी तेथे प्रारंभापासूनच एका आवारात नांदत होत्या आणि पुढे त्या वास्तूचे निवासस्थान होणे ही घटना वाटते तितकी विपरीत ठरत नाही. 'चर्चचे हॉटेल झाले' या वाक्यातील चमत्कृती येथेच निम्मी ओसरते.

मराठ्यांनी १७३७ च्या मोहिमेत ठाणे व साष्टीचा बहुतांश भाग जिंकला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. घोडबंदर याच मोहिमेत पोर्तुगीजांच्या हातून गेले. पुढचा टप्पा मात्र परिचयपर लेखनात सरसकट चुकविला जातो. घोडबंदर इंग्रजांकडे १८१८ मध्ये आले, असे अनेक ठिकाणी छापलेले आहे. १८१८ हे पेशवाईच्या अस्ताचे वर्ष असल्याने ते महाराष्ट्रातील कोणत्याही किल्ल्याला लावून टाकण्याची सवय आपल्याला जडली आहे. साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यासह घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. घोडबंदर साष्टीवर आहे. तेव्हा येथे पेशव्यांचा अंमल जेमतेम सदतीस वर्षांचा ठरतो आणि इंग्रजी अंमल १८१८ पूर्वी चार दशकांहून अधिक जुना असतो. ब्रिटिश काळात टेकडीवरील पोर्तुगीज वास्तू जिल्ह्याच्या कलेक्टरच्या निवासासाठी वापरली गेली. म्हणजे तिचे 'हॉटेल' होण्याआधी ती साहेबाचा बंगला झाली होती. वेदी हलली असेल तर ती पर्यटकासाठी नव्हे, कलेक्टरसाठी. आधुनिक बाजारपेठेवर सगळा दोष टाकणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे.

'पोर्तुगीज' या विशेषणाविषयी

या सर्व लेखनातील दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चर्च म्हटले की ते 'पोर्तुगीज' आणि पोर्तुगीज म्हटले की 'परकीय' अशी एक साखळी मराठी मनात पक्की झालेली आहे. वास्तविक ठाणे व कल्याण या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी असलेला संबंध पोर्तुगीजांहून कितीतरी जुना आहे. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस या ग्रीक भाषक प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणात दीक्षित झालेला बिशप असल्याचे नोंदविले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना मारण्यात आले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस याच्या पत्रांतून ती हकीकत युरोपात पोहोचली आणि त्यानंतर लवकरच ठाण्यात आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनमध्ये नेल्या. ही घटना वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षे आधीची आहे.

शिवाय या चर्चमध्ये गुडघे टेकणारे लोक लिस्बनहून आलेले नव्हते. ते कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ, सामवेदी अशा येथल्याच जातींचे होते. राज्यकर्ते १७३९ नंतर निघून गेले. हे लोक राहिले. त्यांनी शेती केली, मीठ पिकविले, मासेमारी केली, मराठीच्या बोली बोलल्या. १८८७ मध्ये त्यांच्यातील सुशिक्षितांनी आपल्या समाजासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले, हा तपशील सर्वपरिचित आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तो २०२० मध्ये, आणि तेव्हाही या निवडीवर काहींनी धर्माच्या नावाने आक्षेप घेतलाच. अशा वातावरणात एखाद्या पडक्या चर्चचे पुढे काय झाले हे ठरविताना या समाजाला विचारावे असे कोणाला वाटत नाही, यात नवल ते काय!

मंडपेश्वर : उलट दिशेचा प्रवास

तथापि, हा विषय केवळ अन्यायग्रस्त चर्चच्या बाजूने मांडणे हेही अर्धसत्य ठरेल. बोरिवलीजवळील मंडपेश्वरचे लेणे त्याची साक्ष देते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात मोडणारे हे शैव लेणे सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात चर्चमध्ये रूपांतरित झाले. समोरची खुली बाजू भिंतीने बंद करण्यात आली, मूर्ती झाकण्यात आल्या, वरच्या खडकावर मठ व विद्यालय उभे राहिले. नटराजाचा शिल्पपट आडोशामागे गेला. मराठ्यांच्या विजयानंतर भिंत पडली आणि लेणे पुन्हा शिवाचे झाले. एकोणिसाव्या शतकात तेथे काही काळ पुन्हा ख्रिस्ती उपासना झाली. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून तेथे शिवाची पूजाही होते. एका शिल्पपटाचा दगड तासून त्यावर कोरलेला क्रूस अजूनही तेथे दिसतो. खालच्या मूळ आकृतींच्या खुणा त्या क्रूसाभोवती पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत.

पुनर्वापराच्या चर्चेत हा दगड फार मोलाचा आहे. एक म्हणजे, रूपांतराची सुरुवात चर्चपासून झालेली नाही. चर्चही रूपांतरातून जन्माला येऊ शकते. दुसरे असे की, मंडपेश्वरात प्रत्येक वेळी एका श्रद्धेची जागा दुसऱ्या श्रद्धेने घेतली. तेथे संघर्ष होता, पण जागा 'कशासाठी' आहे याविषयी उभय पक्षांचे एकमत होते. हॉटेलच्या बाबतीत हे एकमतच नाहीसे होते. मठवासीयांनी मूर्ती झाकल्या, कारण त्यांना त्या मूर्तींच्या सामर्थ्याची धास्ती होती. हॉटेलचा सजावटकार वेदी झाकत नाही; तो तिच्यावर प्रकाशझोत टाकतो. यांपैकी अधिक मोठा अनादर कोणता, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

अन्यत्रचे दाखले

युरोपात ही प्रक्रिया दोन शतके चालू आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे क्रूसधारी संघाच्या पंधराव्या शतकातील मठाचे २००५ मध्ये हॉटेल झाले. त्याच शहरातील तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्चमध्ये पुढच्याच वर्षी ग्रंथविक्रीचे दालन सुरू झाले. या दोहोंची प्रशंसा आपल्याकडील वास्तुविषयक लेखनात वारंवार होते. परंतु तेथील उपासना फ्रेंच अमलात अठराव्या शतकाच्या अखेरीसच थांबली होती आणि मधल्या काळात या वास्तू कोठारासारख्या कामांसाठी वापरल्या गेल्या होत्या, हे सांगितले जात नाही. तेथे हॉटेलने चर्चला हुसकावलेले नाही. पोलादी मजले मूळ भिंतीला न चिकटता स्वतंत्र उभे केले गेले; उद्या ते काढून टाकले तर मूळ अवकाश परत मिळू शकेल. मास्ट्रिक्टचे अनुकरण करू पाहणाऱ्यांना झुंबरे दिसतात, ही पथ्ये दिसत नाहीत.

खुद्द पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले व त्यांचे मठ सरकारजमा झाले. पुढील वर्षी तोच निर्णय गोव्यात लागू झाला आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचे प्रचंड चर्च ओस पडून १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. पोर्तुगालमध्ये मात्र विसाव्या शतकात अशा कित्येक मठांची शासकीय विश्रामगृहे झाली. उत्तरेकडील सांता मारिया दो बोरो या सिस्टर्शियन मठाचे वास्तुकार एदुआर्दो सौतो द मौरा यांनी केलेले रूपांतर १९९७ मध्ये पूर्ण झाले. त्यांनी मठाच्या भग्नतेला खोटी टवटवी आणली नाही आणि मठाला लागून असलेले चर्च चर्चच राहिले. पाहुणे मठात झोपतात, वेदीखाली नाही.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण सिंधुदुर्गाच्या सीमेवरील तेरेखोलचे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. गोवामुक्तीनंतर यथावकाश किल्ल्याचे हॉटेल झाले, पण त्याच्या चौकातील सेंट अँथनीचे चर्च तसेच राहिले. ते एरवी बंद असते आणि सणाच्या दिवशी गावासाठी उघडते. ही व्यवस्था आदर्श म्हणता येणार नाही, कारण गावकऱ्याला आपल्या संताकडे जाताना पाहुण्यांच्या अंगणातून जावे लागते. तरीही येथे एक मर्यादा पाळली गेली आहे आणि तिचा उच्चार झाला पाहिजे. मांडवीच्या मुखावरील रेइश मागुश किल्ला दीर्घकाळ तुरुंग होता. जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला व तेथे मारिओ मिरांडा यांची चित्रे लागली. खालचे सोळाव्या शतकातील चर्च मात्र उपासनेसाठीच राहिले. तुरुंगाचे कलादालन झाले याचे दुःख कोणालाच नाही! पुनर्वापराला विरोध करताना 'कशाचा' पुनर्वापर हा भेद केला नाही तर टीका बोथट होते.

कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही

१९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकाचा समाजोपयोगी वापर त्याच्या जतनास पोषक मानला, मात्र त्यामुळे वास्तूचा आराखडा व अलंकरण बदलू नये अशी अट घातली. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२२२ वे कलमही दार पूर्ण बंद करीत नाही. उपासनेसाठी वापरता येणार नाही व दुरुस्तही करता येणार नाही असे चर्च बिशप लौकिक वापरासाठी देऊ शकतो. अट एवढीच की तो वापर हीन नसावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये रोम येथे याच प्रश्नावर परिषद होऊन मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. तेव्हा 'चर्च विकणे म्हणजे धर्मबाह्य' ही समजूतही बरोबर नाही. येथे निर्णायक मुद्दा निर्णय कोण घेतो हा आहे.

भारतातील १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा आपल्या १६ व्या कलमात, संरक्षित स्मारक उपासनास्थळ असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर होऊ नये असे सांगतो. उपासनास्थळांविषयीचा १९९१ चा कायदा एका धर्माचे वा पंथाचे स्थळ दुसऱ्याचे करण्यास मनाई करतो. उपासनास्थळाचे भोजनगृह करण्याचा प्रसंग त्याच्या कल्पनेतच नाही. हॉटेलला धर्म नसतो, ही त्यातील सोय! शिवाय प्राचीन स्मारके या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. ज्या चर्चमधील उपासना दोनशे वर्षांपूर्वी थांबली, ते 'उपासनास्थळ' राहिले की केवळ 'अवशेष' झाले, हे ठरविणारी यंत्रणा आपल्याकडे नाही.

सप्टेंबर २०१९ मधील वाद या संदर्भात आठवावा. राज्यातील पंचवीस किल्ले हॉटेल व समारंभांसाठी दीर्घ मुदतीने देण्याचा विचार असल्याचे वृत्त आले आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. शासनाने खुलासा केला की, छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित व स्वराज्याच्या इतिहासातील किल्ले पहिल्या वर्गात असून त्यांना धक्का लागणार नाही. विचार आहे तो दुसऱ्या वर्गातील, असंरक्षित किल्ल्यांचा. या खुलाशाने बहुतेकांचे समाधान झाले, आणि खरी टीका होणे आवश्यक होते ते येथेच. अभिमानाची स्मारके आणि उरलेली स्मारके अशी ही विभागणी आहे. वास्तूची दुर्मीळता, तिची स्थिती, परिसरातील लोकांचे तिच्याशी असलेले नाते यांपैकी कोणताही निकष त्या चर्चेत आला नाही. या विभागणीत साष्टी-वसईतील चर्चच्या भिंती कोठे पडतील, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

सांस्कृतिक जागेचा प्रश्न

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांची लोकसंख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने तेथे नाट्यगृहे, कलादालने, वाचनकट्टे वाढले नाहीत. ठाण्यात १९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभे राहिले आणि अनेक वर्षे सारा भार त्यानेच वाहिला. संगीत, चित्रकला, प्रायोगिक नाटक यांना लहान, शांत, नाद धरून ठेवणारी जागा लागते, आणि दगडी कमानीखालचा लांबट अवकाश यासाठीच जणू घडविलेला असतो. तेव्हा जुन्या चर्चचा सांस्कृतिक वापर ही कल्पना मुळात अनुचित नाही. वापर नसला तर काय होते हे वसईच्या कोटात दिसते. तेथे छप्परे गेली, भिंतींतून वड उगवले आणि चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी तीच भग्नता देखावा म्हणून कामी आली. उलट ठाण्याचा किल्ला एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाल्याने त्याचा तट शाबूत राहिला. पण १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे जेथून निसटले आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांना जेथे फाशी देण्यात आली, ती जागा ठाणेकराला सहज पाहता येत नाही. वास्तू टिकणे आणि ती लोकांची राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हॉटेल आणि सांस्कृतिक केंद्र यांना एकाच जोडशब्दात बसविण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती याच कारणाने तपासून घेतली पाहिजे. कलादालनात कोणीही येऊ शकतो. हॉटेलात पैसे देणारा येतो. प्रस्तावात 'सांस्कृतिक' हा शब्द आधी येतो आणि ताळेबंदात खोल्यांचे भाडे आधी येते. अंधेरीच्या सीप्झ आवारात १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेल्या सेंट जॉनच्या चर्चचे अवशेष आहेत. साथीनंतर १८४० च्या सुमारास गाव मरोळकडे सरले आणि चर्च ओस पडले. पुढे भोवती निर्यात-उद्योगांचे कुंपण पडले. मूळ गावकऱ्यांचे वंशज वर्षातून एकदा परवानगी घेऊन तेथे मिस्सा साजरी करतात. तेथे हॉटेल नाही, दिवाणखाना नाही, तिकीटही नाही; तरी जागा हातून गेलेलीच आहे. पण त्या एका दिवसाचा आग्रह त्या समाजाने सोडलेला नाही, आणि तो आग्रह हाच कोणत्याही पुनर्वापर-प्रस्तावाला विचारावयाचा पहिला प्रश्न ठरतो. येथे वर्षातून एक दिवस वेदीची जागा रिकामी करून मिळेल काय?

घोडबंदरच्या किल्ल्याचे संवर्धन अलीकडच्या काळात मीरा-भाईंदर महानगरपालिकेने हाती घेतले. बुरूज आणि तट यांची डागडुजी दृश्य असते, तिचे लोकार्पण करता येते. चर्चवास्तूच्या बाबतीत मात्र काम वेगळ्या प्रकारचे आहे. प्रवेशद्वारापासून वेदीपर्यंतची सरळ रेषा कोणत्या भिंतीने कधी तोडली, कलेक्टरच्या काळातील बदल कोणते आणि त्यानंतरचे कोणते, फ्रायरने पाहिलेल्या घराचा पाया कोठे संपतो व चर्चचा कोठे सुरू होतो, याचा नकाशा तयार होणे ही पहिली गरज आहे. फ्रायरचे १६७५, मराठ्यांचे १७३७ आणि इंग्रजांचे १७७४ ही तीन वर्षे व परिसरातील ख्रिस्ती गावांची नावे असलेला मराठी फलक टेकडीच्या पायथ्याशी लावण्यास तर तेवढीही प्रतीक्षा करावी लागणार नाही.